माळ घातलेल्याला आजार नसतो

आमच्या घरात कुठल्याही दुखण्यावरचा पहिला उपाय म्हणजे ते दुखणं नाहीच असं म्हणायचं. मायची दाढ वर्षभर ठणकत होती, गाल सुजून डोळ्याला लागला, तरी विचारलं की ती म्हणायची, "काई नाई, झोपेत गाल दबला." मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, आमच्या अंगणातले सर्वेसर्वा. मोतीबिंदूमुळे त्यांना पोथीतलं अक्षर दिसेना, तेव्हा त्यांनी एकामागून एक तीन बल्ब बदलले आणि शेवटी "लायनीतच दम नाई" असा निकाल दिला. हे मी हसत सांगते आहे, कारण दाढ आणि डोळ्यांपर्यंत ते हसण्यासारखंच होतं. पुढे माझ्या भावाची पाळी आली, आणि तिथून माझं डोकं जे फिरलं ते आज साठीला टेकले तरी पुरतं जागेवर आलेलं नाही.

पिंपळगाव राजाच्या कडेला आमचं घर होतं. घर एक, अंगण एक, चुली दोन. एक आमची, एक मोठेबाबांची. मागे वांग्याचा आणि मेथीचा तुकडा, बांधाला सांभार म्हणजे कोथिंबीर, विहिरीवर मोटरखोली. सकाळी ओल्या पोत्यावर बसून मेथीच्या जुड्या बांधायच्या आणि शाळा-कॉलेजाची वेळ झाली की हिरवे झालेले हात राखेने घासून निघायचं, हे माझं लहानपण. बाबा पहिल्या गाडीने खामगावच्या बाजारात माल घेऊन जायचे आणि दुपारी परत आल्यावर कोणाशी फारसं न बोलता मोटर सुरू करायला जायचे. मोटर सुरू झाली की सगळ्या घराला एक बारीक थरथर यायची, भांडीसुद्धा फळीवर किणकिणायची. हिवाळ्यात माय अंगणात कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्या पेटवून त्यावर वांगी भाजायची. साल करपल्याचा तो वास, वरून कांद्याची पात, हिरवी मिरची आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. मी नंतर बऱ्याच ठिकाणी भरीत खाल्लं. गॅसवर भाजलेल्या वांग्याला लोक भरीत म्हणतात, म्हणोत बापडे.

माझा भाऊ दिलीप माझ्याहून पाच वर्षांनी मोठा. मी त्याला भाऊच म्हणायची. शेतात त्याचं मन रमलं नाही, म्हणून तो खामगावच्या एका ट्रकवर आधी क्लीनर आणि मग ड्रायव्हर झाला. मुंबईच्या बाजूला माल घेऊन जायचा, येताना माझ्यासाठी बांगड्या आणि मायसाठी एकदा तर प्रेशर कुकर घेऊन आला. माय त्या कुकरला दोन वर्षं घाबरून होती. हसरा माणूस, नकला करणारा. मोठेबाबा भजनाआधी घसा कसा साफ करतात, ते तो त्यांच्या पाठीमागे हुबेहूब करून दाखवायचा. मग तीन-चार वर्षांत तो वाळत गेला. घरी आला की भरदुपारी बसल्याजागी मान टाकायचा. नाक सारखं खाजवायचा. भरीत-भाकरी पुढे तशीच ठेवून गुळाचा खडा मागायचा. रस्त्यावर त्याला गर्दची, म्हणजे ब्राऊन शुगरची, सवय लागली होती. चांदीच्या कागदावर ती भुकटी ठेवायची, खालून काडी धरायची आणि धूर ओढायचा. हे मला नंतर कळलं. तेव्हा घरात जाहीर झालं ते असं, की दिलीपला कावीळ झाली आहे. मायने कावीळ उतरवणारा माणूस आणला, त्याने नाकात कसला तरी रस सोडला, भाऊ आठ शिंका शिंकला, आणि माय म्हणाली, "पाह्य, निंगाली."

ती निघाली नव्हती. एका दुपारी खामगावच्या बसस्टँडमागे पोलिसांनी त्याला दोन पुड्यांसकट धरलं. चार दिवस तो आत होता, आणि त्या चार दिवसांत त्याचं काय झालं ते जामिनावर आणायला गेलेल्या बाबांनी कधीच सांगितलं नाही. मला ते भावाकडूनच कळलं, पुष्कळ दिवसांनी. उलट्या, हगवण, हाडं कोणी आतून पिळतंय असं दुखणं. तो भिंतीला डोकं आपटत होता आणि बाकीचे कैदी त्याला गप्प बसवायला लाथा घालत होते. घरी आला तेव्हा ओठ फाटलेला होता. माय म्हणाली, "गाडीचा दरवाजा लागला." तिला कोणी विचारलंसुद्धा नव्हतं.

आमचे वकील म्हातारे, सरळ आणि दम्याने त्रासलेले गृहस्थ होते. त्यांनी बाबांना, मोठेबाबांना आणि भावाला समोर बसवलं. मी बारावी शिकलेली, कागद वाचता येतील म्हणून बाबांनी मलाही नेलं होतं. वकीलसाहेब म्हणाले, "हा पोरगा धंदा करणारा नाही. हा आजारी आहे. कायद्यात अशा माणसाची सोय आहे. ह्यानं गुन्हा कबूल करायचा, मला व्यसन आहे म्हणायचं, उपचार घ्यायला तयार आहे म्हणायचं. न्यायाधीशांना पटलं तर तुरुंगाऐवजी सरकारी दवाखान्यात पाठवतील. घरच्यांनी हमी घ्यायची, वर्षाच्या आत डॉक्टरचा अहवाल कोर्टात द्यायचा. एवढंच." मग श्वास घ्यायला थांबून त्यांनी बोट वर केलं. "पण एक ध्यानात ठेवा. व्यसन आहे, हे कोर्टापुढे स्वच्छ आलं पाहिजे. ते नसेल तर सगळंच मुसळ केरात."

मला ते इतकं सरळ वाटलं की आनंदाने रडू आलं. जेल नाही, दवाखाना. गुन्हेगार नाही, आजारी. आणि अट काय, तर खरं बोला. पण बाहेर रसवंतीच्या बाकावर बसताच मोठेबाबा बाबांना म्हणाले, "म्हंजे भर कोर्टात सांगाचं, का आपल्या घरचं पोट्टं गर्दुल्लं हाये? अन् सुमीचं मेहकरवाल्यांशी जमून राह्यलं, त्यायच्या कानावर गेलं तं?" सुमी म्हणजे मी. मेहकरच्या एका मास्तरांच्या घरी माझी पत्रिका गेली होती, फोटो गेला होता, त्यांचा होकार यायचा राहिला होता. बाबा ग्लासातला बर्फ बोटाने फिरवत राहिले. मोठेबाबाच पुढे म्हणाले, "मी पाह्यतो काय कराचं ते."

आणि त्यांनी पाहिलं. मोठेबाबांवर मी आयुष्यभर चिडले, पण त्यांच्या पदरात त्यांचं माप घातलंच पाहिजे. आमच्या गावात त्यांनी कितीतरी दारुड्यांच्या गळ्यात तुळशीची माळ घातली होती, आणि त्यातले काही खरंच सुटले होते. पद्धत अशी. एकादशीला देवळात यायचं, भजनी मंडळींसमोर शपथ घ्यायची, मोठेबाबा माळ घालणार, सगळे पाया पडणार, आणि त्या क्षणापासून तो माणूस सुटला. त्याच्या मागच्या गोष्टीचा उच्चार करायचा नाही. कोणी शंका घेतली तर पाप शंका घेणाऱ्याला. ह्या शेवटच्या कलमानेच सगळा घोळ केला. ज्याचं सुटलं त्याला त्याचा आधार होता, हे मी मानते. पण ज्याचं सुटलं नाही, त्याला "माझं सुटलं नाही" असं म्हणायलाच जागा उरत नव्हती. तो चोरून प्यायचा, गाव चोरून ओळखायचं, आणि देवळात सगळे एकमेकांच्या पाया पडायचे.

कोर्टाच्या तारखेआधीची एकादशी मोठेबाबांनी साधली. भावाला नवा सदरा घातला, कपाळाला गंध, गळ्यात माळ. दुसऱ्या दिवशी दोन्ही चुली पेटल्या, मंडळींना पुरणपोळी झाली, माय किती दिवसांनी मोकळी हसली. पुरण वाटताना ती मला म्हणाली, "आता नको काई दवाखाना-फवाखाना. माह्यं लेकरू सुदरलं." भाऊसुद्धा छान दिसत होता. नाक वाहत नव्हतं, अंग दुखत नव्हतं, मंडळींना पाणी वाढत होता. आणि मला तेच टोचत होतं. वकीलसाहेबांनी आम्हाला बजावलं होतं की हे एकदम सोडलं की पहिले आठ दिवस माणूस अंथरुणातून उठत नाही. ज्याने काल सोडलं तो आज पाणी कसा वाढतो? मी हा प्रश्न मायला विचारला. ती म्हणाली, "माळीचा गुन हाये थो. तू जास्तीची हुशारी नको करू."

दोन दिवसांनी दुपारी मोटर बंद करायला गेले तर मोटरखोलीत फळीच्या मागे काळा पडलेला चांदीचा कागद होता. भाऊ विहिरीच्या काठावर पाय सोडून बसला होता. मी कागद त्याच्यापुढे धरला. "भाऊ, हे काय हाये?"

त्याने नुसतं पाहिलं. "तुले माहीत हाये न. मंग कायले विचारतं?"

"मंग कोर्टात सांग. वकीलसाहेबानं सांगतलं तसंच सांग. दवाखान्यात औषध देतात, तरास कमी होते."

"कसं सांगू व सुमे?" त्याने माळेला हात लावला. "साऱ्या गावासमोर शपथ घेतली. मोठेबाबाची जिंदगीभराची इज्जत हाये ह्याच्यात. नाई सांगता येत."

"अन् जेलात गेला तं?"

"मरन तिथं," तो म्हणाला. अगदी साध्या आवाजात, उद्या बाजार आहे म्हणावं तसं. मला त्याच्या थोबाडीत मारावंसं वाटलं आणि त्याच्या गळ्यात पडावंसंही वाटलं. यातलं मी काहीच केलं नाही. कागद तिथेच टाकून घरी आले आणि रागाने दोन टोपली मेथी निवडली.

तारखेच्या दिवशी मोठेबाबांनी मेटॅडोर सांगितला होता. भजनी मंडळातले नऊ जण धुतलेल्या टोप्या घालून, गंध लावून, भावाच्या चांगुलपणाचे साक्षीदार म्हणून निघाले. माय निघाली, बाबा निघाले. मी कोणी नको म्हणायच्या आत चढून बसले. कोर्टाच्या दारात ही वरात पाहून वकीलसाहेबांना धाप लागली. भावाच्या गळ्यातली माळ आणि मंडळींचे प्रसन्न चेहरे पाहून त्यांनी मला हळूच विचारलं, "हे काय आहे?" मी म्हटलं, "सुधारणा."

पुकारा झाला. भावाने गुन्हा कबूल केला. तोवर ठीक होतं. वकीलसाहेबांनी अर्ज पुढे केला, व्यसनी आहे, आजारी आहे, उपचाराची संधी द्यावी. न्यायाधीश तसे शांत गृहस्थ होते. ते अर्ज वाचत असतानाच मोठेबाबा हात जोडून उभे राहिले. "साहेब, व्यसन होतं. आता नाई. एकादशीले माळ घातली. हे सारे साक्षीले हायेत." मागे नऊ टोप्या एकदम हलल्या.

न्यायाधीशांनी चष्मा काढला. "म्हणजे उपचाराची गरज नाही?"

"अजिबात नाई. पुरा बरा झाला."

"मग हा अर्ज कशासाठी आहे?"

वकीलसाहेब मध्ये बोलायला गेले तर त्यांना खोकल्याची उबळ आली. मोठेबाबांना वाटलं आपण बाजी मारली. सुधारलेल्या माणसाला सरकार सोडून देणार, असं त्यांनी मनाशी पक्कं धरलं होतं. न्यायाधीशांनी त्यांना समजावून सांगितलं, की सुधारला म्हणून केलेला गुन्हा जात नाही. आजारी असेल तर दवाखाना, आजारी नसेल तर शिक्षा. मोठेबाबा म्हणाले, "पन साहेब, सुदरलेल्याले शिक्षा कायची?" न्यायाधीशांनी बाजूला ठेवलेला अर्ज पुन्हा हातात घेतला. मला आजही वाटतं, त्या माणसाला आम्हाला मदत करायची होती आणि आम्ही त्याचे हात धरून ठेवत होतो. त्यांनी भावालाच विचारलं, "तुम्ही सांगा. तुम्हाला व्यसन आहे का? उपचार घ्यायचे आहेत का?"

भावाने मागे वळून नऊ जणांकडे पाहिलं, मोठेबाबांकडे पाहिलं. "नाई साहेब," तो म्हणाला. "सुटलं."

मी बाबांकडे पाहिलं. ते जमिनीकडे पाहत होते. मायचे ओठ जप केल्यासारखे हलत होते. वकीलसाहेबांनी कागद खाली ठेवला. आणि मग मी उभी राहिले. धाडस वगैरे काही नव्हतं, मला फक्त सहन होईना. शिपाई "बाई, बसा" म्हणाला, न्यायाधीशांनी त्याला हाताने थांबवलं. "तुम्ही कोण?"

"बहीण हाये साहेब. तो खोटं बोलून राह्यला. माळ घातल्यावर तीन दिवसानंच त्यानं घेतलं. मोटरखोलीत मी सोता कागद पाह्यला. त्याले दवाखान्यात पाठवा साहेब, जेलात तो मरन." पुढे कदाचित आणखीही काही बोलले असेन. मोठेबाबा मागून "ए, बस खाली" म्हणाले तेवढं आठवतं. न्यायाधीशांनी भावाला पुन्हा तोच प्रश्न विचारला. भावाचा चेहरा लहान मुलासारखा वाकडा झाला. "हाव साहेब. घेतो मी. नाई सुटत."

त्याची डॉक्टरी तपासणी झाली, वकीलसाहेबांनी धापा टाकत उरलेले सोपस्कार केले, बाबांनी हमीवर सही केली, आणि अकोल्याच्या दवाखान्यात भरती करण्याचा हुकूम झाला. म्हणजे जे पहिल्या दिवशी सरळ मिळत होतं, तेच आम्ही पुरणपोळ्या करून, मेटॅडोर करून, साऱ्या गावाला बोलावून मिळवलं. परतीच्या गाडीत माझ्या शेजारची जागा रिकामी राहिली. नऊ माणसं दाटीवाटीने बसली, पण माझ्या बाजूला कोणी बसलं नाही. घरी माय एवढंच म्हणाली, "तुले जीभ कोनं देली व?" आणि पुढचे कितीतरी दिवस ती माझं ताट चुलीपासून लांब वाढत होती. मेहकरहून निरोप आला नाही. मोठेबाबांच्या चुलीकडून अंगणात आडवं बांबूच्या तट्ट्याचं कुंपण आलं. मंडळींचा राग व्यसन करणाऱ्यावर नव्हता, शपथ मोडणाऱ्यावरही फारसा नव्हता. तो सगळा माझ्यावर होता.

भावाचं पुढे काय झालं, ते इथेच सांगून टाकते, नाहीतर वाचणारा उगाच टांगून राहायचा. एका भरतीत काम झालं नाही. तो बरा होऊन आला, सात महिने चांगला राहिला, पुन्हा घसरला, पुन्हा गेला. तिसऱ्यांदा जमलं. आता नातवंडांना सायकल शिकवतो आणि मोठेबाबांच्या नकला करून दाखवतो. मी पुढे शिक्षिका झाले, लग्नही झालं, उशिरा पण चांगल्या माणसाशी. आता निवृत्त आहे, तरी ओळखीचे लोक अजून फोन करतात. पोरगा गोळ्या घेतो, सिरप पितो, काय करू मॅडम? मी दवाखान्याचं नाव सांगते. पलीकडून पहिला प्रश्न येतो, "पण आमचं नाव बाहेर जाणार नाही ना?" पोराचं काय होईल, हा दुसरा प्रश्न. कधीकधी तो येतच नाही. फोन ठेवल्यावर मी घरातल्या घरात एकटीच भांडत फिरते, आणि माझे यजमान न विचारता चहा टाकतात.

पण मला सांगायचं आहे ते अकोल्याचं. कोर्टानंतर चौथ्या दिवशी भावाला भरती करायला बाबा निघाले आणि मला म्हणाले, "तू चाल." त्या चार दिवसांत ते माझ्याशी बोललेले एवढेच शब्द. दवाखान्यात भावाला आत नेलं, आणि एक डॉक्टरबाई आमच्याकडून माहिती लिहून घ्यायला बसल्या. कधीपासून घेतो, किती घेतो, याआधी सोडायचा प्रयत्न केला का. मला जे ठाऊक होतं ते मी सांगत गेले. मग त्यांनी विचारलं, "घरात हे सगळ्यांत आधी कोणाच्या लक्षात आलं?" मी माझं नाव सांगणार, तेवढ्यात बाबा बोलले.

"माह्या."

डॉक्टरबाईंनी लिहिलं. मी बाबांकडे पाहतच राहिले. ते मान खाली घालून सांगत होते. मागच्या उन्हाळ्यात, काविळीच्या आधी, त्यांनी भावाला मोटरखोलीत धूर ओढताना पाहिलं होतं. तेव्हापासून कागद सापडले की ते गोळा करून बांधात पुरत होते. माळेनंतरही एक सापडला होता. तोही पुरला.

परतीच्या एसटीत खिडकीजवळ मला बसवून ते माझ्या शेजारी बसले. बाळापूर आलं तेव्हा मला राहवेना. "बाबा, तुमाले सारं माहीत होतं. मंग कोर्टात तुमी काऊन नाई उठले? मले काऊन बोलू देलं?"

त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली, पुन्हा डोक्यावर ठेवली. मग म्हणाले, "मोठ्या भावाच्या तोंडावर कसा बोलू बाई?"

मी खिडकीबाहेर तोंड केलं. कोर्टात मी तरी कोणाच्या तोंडावर बोलले होते? मोठ्या भावाच्याच ना?